चार म्हशींच्या वेळी

६ ऑक्टोबर, सोमवार

मेघाने विचारलं, चेहरा का उतरलाय. म्हटलं, इन्व्हर्टरची बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत आहे.

सकाळी पुण्याहून मॅनेजर व.चा फोन. व्हिडिओ नाही, मीटिंगचं आमंत्रण नाही, सरळ फोन. जानेवारीपासून प्रत्येक टीम लीडच्या हाताखाली तीनऐवजी एकच ज्युनिअर. बाकीचं काम एआय एजंट करणार. कोणाला ठेवायचं ते नाव नोव्हेंबर संपायच्या आत मी कळवायचं. "आणि हे तुझ्यामाझ्यात. टीमला कळलं तर आत्ताच पळापळ होईल."

हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

बोलत होतो तेव्हा शीतल समोरच बसलेली. कानात हेडफोन, प्रोग्रॅम तपासायच्या टेस्ट लिहीत होती. मेघाने दिलेले पोहे तसेच गार. तिला वाटलं, माझ्या बहिणीचा फोन आहे. हात हलवून म्हणाली, ताईंना नमस्कार सांगा.

७ ऑक्टो.

शीतल पोलादपूरच्या वरच्या वाडीची. वाडीवर रेंज एकाच दगडावर उभं राहिलं तर मिळते, म्हणून आठवडाभर इथे महाडला मावशीकडे राहते आणि काम आमच्या माडीवरून करते. पुरानंतर आम्ही महत्त्वाचं सगळं माडीवर हलवलं: धान्य, कागदपत्रं, राउटर आणि मी.

माझ्या तिघांपैकी पुण्यातले दोघे, निखिल आणि तो नवीन मुलगा, व.च्या नजरेसमोर असतात. क्लायंटशी बोलतात, टायवाल्या इंग्रजीत. शीतल इथे माझ्यासमोर. मीटिंगमध्ये 'सर' म्हणते, मीटिंग संपली की 'दादा'.

आमची दोघांची सावड आहे. नाव तिनेच ठेवलं. लावणीला कसं, आज तुम्ही आमच्या शेतात, उद्या आम्ही तुमच्या, दिवसाला दिवस. ती माझ्या वाट्याच्या टेस्ट लिहिते; बदल्यात मी तिचा कोड ओळीओळीने तपासून समजावतो, पुढचं शिकवतो. गेल्या वर्षीची माझी बढती निम्मी या सावडीवर झाली. अलीकडे मात्र माझे दिवस थकले आहेत. ती मला देते, मी तिला देत नाही. वेळ नाही म्हणून सांगतो.

वेळ आहे. ती पाच वाजता गेली की मी एआयचा कोर्स लावून बसतो. दोन महिने झाले. तिला त्यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं याचं उत्तर मला येतं, इथे लिहवत नाही.

९ ऑक्टो.

व.चा मेसेज: एजंटला तुमच्या कामाची पद्धत शिकवा, नुसता कोड दाखवून भागत नाही.

आमच्या कामाची पद्धत म्हणजे शीतल. बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, शोधण्यात तिचा हात धरणारं टीममध्ये कोणी नाही.

तिला म्हटलं, तू बग कसा शोधतेस ते टप्प्याटप्प्याने लिहून दे. अगदी मनात काय येतं तेसुद्धा. एवढी खूश झाली! "दादा, अप्रेझलला याचा उपयोग होईल ना?"

"होईल ना."

जीभ झडली नाही.

१३ ऑक्टो., सोमवार

शनिवार-रविवार घालवून तिने लिहून आणलं. निम्मं मराठीत. तिचा पहिला नियम: 'आधी रिकामं भांडं वाजवून बघायचं.' म्हणजे प्रोग्रॅमला काहीच माहिती दिली नाही तर तो काय करतो, ते सगळ्यात आधी पाहायचं. लोक भरलेल्या भांड्याची परीक्षा घेतात, म्हणे, आणि फसतात.

दुपारभर ते इंग्रजीत करून एजंटला दिलं. ती शेजारी बसून माझं भाषांतर सुधारत होती. विचारलं नाही की हे कोणासाठी. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. डॉक्युमेंटेशन, म्हणालो असतो. या शब्दाच्या आड काहीही लपतं.

१६ ऑक्टो.

इथल्या कॉलेजात भाषण. विषय त्यांनीच दिलेला: 'एआय आणि तुमचं करिअर'. शाल, नारळ. पहिल्या रांगेत प्राध्यापक, शेवटच्या रांगेत शीतल. ऑफिसातून सुट्टी काढून आली होती, सुट्टी मीच मंजूर केलेली.

बोललो. घाबरू नका, शिकत राहा, एआय तुमची जागा घेणार नाही, एआय वापरणारा घेईल. हे वाक्य मी कुठेतरी ऐकलेलं, टाळ्या हमखास. पडल्या.

मग एका मुलीने उठून विचारलं, "सर, तुम्ही शिकलात ते पहिल्या नोकरीत चुका करून शिकलात ना? त्या चुकांचं काम आता एआय करणार. मग आम्ही चुकायचं कुठे?"

मी म्हणालो, छान प्रश्न. आणि पाणी प्यायलो.

परत येताना शीतल म्हणाली, "तिला उत्तर नाही दिलंत." म्हटलं, वेळ संपला होता. आयोजकांनी अजून वेळ दिला असता, हे तिलाही दिसलं होतं.

२२ ऑक्टो., पाडवा

शीतलच्या घरचं बोलावणं होतं. मी आणि मेघा पोलादपूरपर्यंत एसटीने, पुढे जीप, पुढे पायी. मेघा वाटेत तीनदा म्हणाली, माडीवर बसून तुमचं पोट सुटलंय. खरं आहे.

शीतलचे वडील कोंडीबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो. आमच्या घरी पूर्वी तेच तूप घालायचे, मी शाळेत होतो तेव्हापासून. आता गुडघे गेलेत. गोठ्यात सहा म्हशी, शिंगांना गेरू लावलेला, गळ्यात झेंडूच्या माळा. चांदी नावाची सगळ्यात थोरली, कपाळावर पांढरा ठिपका. तिने मेघाचा पदर चाटला.

जेवण झाल्यावर पडवीत बसलो. वाडीतले चार जण आले. सगळं ठरवून होतं हे उशिरा लक्षात आलं. आबांनी घसा खाकरला.

"भाऊ, तुमी शिकलेली मानसं. सरळ इचारतो. गुडघं आता डोंगर चढू देत नायत. पोलादपूरला दोन खोल्या घ्यायच्या म्हंतो भाड्यानं, दवाखाना जवळ. मंग म्हसरं इकाय लागतील. एकदा गोठा मोडला की परत उभा ऱ्हात नाय आमच्यानं. तवा सांगा. पोरीची नोकरी पक्की हाय ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शीतल दारात उभी, हातात ताटं.

मी म्हणालो, "पोरगी हुशार आहे, आबा. तिच्यासारखी टीममध्ये दुसरी नाही."

आबा बायकोकडे वळले. "ऐकलंस गो? झालं तर मंग."

मी होय म्हटलं नव्हतं. वाडीत मात्र असं कोणी बोललं की ते होयच असतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच तर तसं बोललो.

उतरताना मेघा म्हणाली, "किती खूश झाले हो ते." मी म्हटलं, पाय जपून टाक, वाट निसरडी आहे. वाट कोरडी होती.

२४ ऑक्टो.

कंपनीचा गुप्ततेचा करार काढून वाचला. त्यात सगळं आहे. म्हशींबद्दल काही नाही.

स्वतःची समजूत घालतोय: अजून नाव दिलेलं नाही. कदाचित शीतलचंच देईन. मग कशाला उगाच घाबरवायचं? हे मनाशी बोलताना बरं वाटतं. पुढचं वाक्य मनात यायला लागलं की उठून चहा टाकतो. पुढचं वाक्य असं: एजंट नेमकं तेच काम करायला शिकलाय जे शीतल करते, कारण मी त्याला तेच शिकवलं. निखिलचं काम त्याला येत नाही. कागदावर बघितलं तर सगळ्यात आधी शीतलच जाते.

२ नोव्हेंबर, रविवार

आबांनी निरोप धाडला: गिऱ्हाईक येतंय, मधला माणूस म्हणून तुम्ही हवे. नाही म्हणता आलं असतं. ताप आहे म्हणायचं. गेलो.

गिऱ्हाईक वरंधचं. आधी चार म्हशी न्यायच्या ठरल्या. दुभती आणि तिची पारडी एवढी दोन खोल्या मिळेपर्यंत घरी. सौदा रुमालाखाली. दोघांचे हात रुमालात, बोटं दाबून भाव, तोंडाने मात्र पावसापाण्याच्या गोष्टी. मी मध्ये बसलो होतो शहाण्यासारखा. त्या रुमालाच्या जवळ बसायची लायकी नव्हती माझी. तोंडाने एक आणि पोटात एक, मी तर रुमालाशिवायच करतोय.

बोट दाबताना मध्येच आबा थांबले, माझ्याकडे बघून हसले. धीर आल्यासारखं.

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "काय भाऊ, चाय?"

शीतलच्या आईने चौघींच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, भाकरी चारली आणि आत गेली ती परत बाहेर आली नाही. दावी आबांनी सोडून स्वतःच्या खांद्यावर घेतली. दावं देत नाहीत विकलं तरी, ते घरात राहतं. गिऱ्हाइकाने आपले दोर आणले होते. टेम्पो खाली रस्त्यावर. वळणापर्यंत चांदी तीनदा उभी राहिली. शीतल तिच्या पाठीला हात लावून रस्त्यापर्यंत गेली.

परत येताना मला म्हणाली, "बरं झालं ना दादा? आबांचे हाल संपले."

म्हटलं, हो.

५ नोव्हें.

एजंटने आज पहिल्यांदा आख्खं काम एकट्याने केलं. शीतलला दोन दिवस लागले असते. मी चहा पिऊन आलो तोवर झालं होतं. आणि वर त्याने टीप लिहिलेली, इंग्रजीत: रिकाम्या भांड्यापासून सुरुवात केली आहे.

तिचंच वाक्य. तिची बोलायची ढबसुद्धा.

व.ला दाखवलं. अंगठा आला. मग दुसरा मेसेज: 'मस्त काम. तुझी जागा पक्की समज.'

पक्की. मी काही विचारलं नव्हतं, तरी मला सांगितलं. आबांनी विचारलं होतं.

९ नोव्हें., रविवार

मेघाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली.

"पाडव्याला तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि म्हशींच्या वेळी?"

"हो."

मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "उद्या तिला सांगा. नाहीतर मी सांगते." शाळेत पोरांना शेवटचं बजावते त्याच आवाजात. आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

१० नोव्हें.

सांगितलं. दुपारी वीज गेली होती, माडीवर पंखा बंद. जानेवारी, एक नाव, एजंट. तिचं लिखाण कुठे गेलं तेही. ते सगळ्यात शेवटी सांगितलं.

तिने शेवटी एवढंच विचारलं, "तुम्ही पाच वाजल्यानंतर काय शिकता ते हेच का?"

"तुला कसं कळलं?"

"एकदा डबा विसरले म्हणून परत आले होते. जिन्यात आवाज आला. मला वाटलं, आधी तुम्ही शिकून घेताय, मग मला शिकवाल."

लॅपटॉप मिटला, पिशवी उचलली. जाताना पोह्यांची बशी खाली नेऊन विसळून ठेवली. नेहमी ठेवते तशीच.

११ नोव्हें.

आली नाही. ऑनलाइनही नाही. व.ला कळवलं, तब्येत बरी नाही. आणखी एक खोटं. हे निदान तिच्यासाठी होतं, असं म्हणून बघितलं, पण मनाला पटलं नाही.

१२ नोव्हें.

आली. मावशीकडून आली तशी सरळ वर. बसली नाही.

"दादा, सावडीचे माझे किती दिवस तुमच्याकडे आहेत?"

"खूप. मोजले नाहीत."

"मी पण मोजले नाहीत. पण ते फेडा. आमच्या वाडीत सावड बुडवणाऱ्याच्या शेतात पुढच्या साली कोणी पाय ठेवत नाही. आजपासून टेस्ट मी लिहिणार नाही, त्या तुमच्या एजंटला लिहू दे. तुम्ही पाच वाजल्यानंतरचं सगळं मला शिकवा. पाचच्या आधी."

हो म्हणालो. तिच्यासमोर रडू येईल असं वाटलं, आलं नाही. बरं झालं, तेही मीच मिरवलं असतं.

"आणि आबांना तुम्ही सांगायचं. मी नाही. त्यांनी तुमाला इचारलं व्हतं." रागात होती, म्हणून वाडीची बोली आली.

१५ नोव्हें.

तीन दिवस शिकवतोय. म्हणजे बसतोय दोघं. एजंटने लिहिलेलं तिला दाखवतो, ती म्हणते, "हा फार आत्मविश्वासाने लिहितो," आणि चूक दाखवते. प्रत्येक वेळी नाही, पण दाखवते. क्लायंटच्या फोनवर तिला बोलायला लावलं. इंग्रजी अडखळतं, पण तिने विचारलेल्या प्रश्नावर क्लायंट थांबला. म्हणाला, हे आम्हाला सुचलं नव्हतं. निखिलही त्या फोनवर होता.

हे ऑगस्टमध्ये सुरू करता आलं असतं. तेव्हा मी जिन्याचं दार लावून घेत होतो.

हे पुरेल का, माहीत नाही. कॉलेजातल्या त्या मुलीलाही आज हेच सांगितलं असतं: माहीत नाही. टाळ्या पडल्या नसत्या.

१९ नोव्हें.

वाडीवर जायचं होतं. व.ची मीटिंग निघाली. मीटिंग पुढे ढकलता आली असती.

२३ नोव्हें., रविवार

आज नक्की जाणार होतो. सकाळी दोन शिंका आल्या, तेवढं निमित्त पुरलं. मेघाने न विचारता माझी चप्पल दारात आणून ठेवली. दुपारी तिनेच ती परत मांडणीवर ठेवली.

व.ला मेल लिहायला घेतला. शीतलचं नाव लिहिलं. कारणं लिहिली, खरी आहेत. तो म्हणणार, पण एजंट तर तिचंच काम करतो. मग लिहिलं, तिच्याऐवजी मला कमी करायचा विचार करा. ती ओळ पुसली. परत लिहिली, परत पुसली. आमच्या घराचा हप्ता, मेघाचा एकटीचा पगार, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. माणूस स्वतःची बाजू किती पटकन मांडतो. मेल ड्राफ्टमध्ये आहे.

२७ नोव्हें., गुरुवार

आबाच आले.

सवच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला गेले होते, तिथून थेट इकडे. हातात तुपाचा डबा. मेघा शाळेत. शीतल वर. मी चहा ठेवला.

"बरं वाटतं तिथं, पन वर चढलं की पुन्हा तेच," म्हणाले. मग, "खोल्या बगितल्या पोलादपूरला. आता ऱ्हायलेल्या दोन पन देऊन टाकतो. तो वरंधवाला रोज फोन करतोय. काय म्हनता, भाऊ?"

वर कीबोर्डचा आवाज थांबला.

"विकू नका, आबा."

"का?"

सांगितलं. सगळं. जानेवारी, एकच नाव, ते यंत्र, यंत्राला कोणी शिकवलं. शीतल राहील का ते माझ्याही हातात पूर्ण नाही हेही. आबा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. कॉम्प्युटरचं काही विचारलं नाही. चहावर साय धरली.

"म्हंजे त्या चार म्हशींच्या येळला तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"आन पाडव्याला?"

"हो, आबा."

"मंग मी इचारलं तवा काय बोललात तुमी?"

"पोरगी हुशार आहे, म्हणालो."

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं.

"ती हुशार हाय ते मला नाय ठावं? बाप हाय मी तिचा. ते कशाला सांगितलंत मला?"

मी चहाची कपबशी त्यांच्याकडे सरकवली.

उठले. भिंतीला हात धरून उठावं लागलं. मी आधार द्यायला गेलो तर म्हणाले, असू दे. जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "शीतल, येतो गो." ती खाली आली, माझ्याकडे न बघता त्यांच्याबरोबर स्टँडपर्यंत गेली. चहा तसाच राहिला.

तुपाचा डबा ओट्यावर आहे. मेघा आली, झाकण उघडून वास घेतला, म्हणाली, "आबा आले होते?" मी मान हलवली. तिने डबा कपाटात ठेवला नाही, तिथेच ठेवला.

व.ला नाव उद्या द्यायचंय. मेल उघडा आहे.

शीतल मघाशी परत आली. चपला काढल्या, वर गेली. वरून म्हणाली, "दादा, आजचा दिवस राहिलाय."

येतो म्हणालो. अजून जिन्याच्या खालच्या पायरीवरच बसलोय.